बोंडअळीची वंशावळ



पतंगांची जातवार मांडणी हा पुष्कळांस रिकामटेकड्या माणसाचा छंद वाटतो. कीटकांस टाचण्या टोचावयाच्या, पंखांवरील शिरा मोजावयाच्या आणि लॅटिन नावांवरून आपसांत वाद घालावयाचे, यात आमचा लाभ तो काय, असे नांदेड-लातूरकडील एखाद्या शेतकऱ्याने विचारल्यास त्यात वावगे काही नाही. परंतु त्याच शेतकऱ्याच्या पऱ्हाटीवर गेल्या काही वर्षांत जे संकट कोसळले, त्याचा उलगडा या टाचण्यांच्या शास्त्राखेरीज होत नाही, हेच आज सांगावयाचे आहे.

नांदेड हा जुना कापसाचा मुलूख. येथील गावराणी कापसाचा लौकिक होता, शहरात उस्मानशाही गिरणीचा भोंगा वाजत असे, आणि पुढे येथल्याच कापूस संशोधन केंद्राने काढलेला एन. एच. एच. 44 हा संकरित वाण दूरवर पसरला. लातूर म्हटले की तूर, हरभरा आणि डाळीच्या गिरण्या. या दोन मुलुखांत शत्रू म्हणून ज्या अळ्या ओळखल्या जातात त्यांची नावे मात्र मोठा घोटाळा माजवितात. कापसावर हिरवी किंवा अमेरिकन बोंडअळी, हरभऱ्यावर घाटेअळी, तुरीवर शेंगा पोखरणारी अळी, ही तिन्ही नावे एकाच कीटकाची आहेत. उलटपक्षी हिरवी बोंडअळी आणि गुलाबी, जिला जुने लोक शेंदरी म्हणत, या दोघींचे आडनाव एक असले तरी त्या बहिणी तर नव्हेतच, दूरच्या नात्यातल्याही नव्हेत.

इ. स. 1758 मध्ये लिनियसने पतंग-फुलपाखरांची जी मांडणी केली तीत रात्रीचे बहुतेक पतंग ‘फालीना’ या एकाच मोठ्या पिशवीत कोंबले होते. आज पतंगांच्या दीड लाखांहून अधिक जाती ज्ञात आहेत, आणि फुलपाखरे ही त्यांच्याच वंशवृक्षाची एक फांदी ठरली आहे. ती पिशवी उसवून एकेक कूळ वेगळे करण्यातच पुढची दोन शतके खर्ची पडली. आपल्याकडे या कामाचा पाया सर जॉर्ज हॅम्पसन यांनी घातला. निलगिरीत मळेवाले म्हणून आलेल्या या गृहस्थांनी 1892 ते 1896 या काळात हिंदुस्थानातील पतंगांवर चार जाडजूड खंड सिद्ध केले. त्यांत हिरव्या बोंडअळीचा पतंग आहे. परंतु अगदी बारीक पतंगांची कित्येक कुळे त्यांतून वगळली गेली, आणि गुलाबी अळीचा पतंग त्यांपैकीच होय. पंख पसरले तरी जेमतेम दोन सेंटीमीटर भरणारा हा जीव!

वास्तविक त्याचे नामकरण त्यापूर्वी अर्धे शतक, 1843 मध्ये, भडोचच्या कापसावरील नमुन्यांवरून झालेले होते. विल्यम विल्सन सॉन्डर्स यांनी त्यास ‘गॉसिपिएला’ म्हणजे कपाशीचा असे नाव दिले. कूळ मात्र चुकले. पुढे ते बदलत बदलत 1917 मध्ये अमेरिकेतील ऑगस्ट बुस्क यांनी ‘पेक्टिनोफोरा’ ही प्रजाती निश्चित केली. तोवर हा प्राणी बियांबरोबर मिसर, मेक्सिको असा प्रवास करून टेक्ससपर्यंत पोहोचलाही होता. नाव ठरविणाऱ्यांपेक्षा अळीच चपळ निघाली, असे म्हणावयास हरकत नाही.

हिरव्या अळीची कथा याहून गमतीची. तिला आपण ‘अमेरिकन’ म्हणतो. पण ही जात जुन्या जगातील. अमेरिकेतील मक्यावरची अळी आणि आपली अळी यांस पुस्तकांनी दीर्घकाळ एकच मानले. डेव्हिड हार्डविक या कॅनडातील शास्त्रज्ञाने 1965 मध्ये सूक्ष्म अवयव पाहून त्या वेगळ्या केल्या आणि त्यांस ‘हेलिकोव्हर्पा’ या नव्या प्रजातीत बसविले. पुढे जनुकांच्या तपासणीवरून असे दिसले की, सुमारे 15 लाख वर्षांपूर्वी जुन्या जगातील थोडे पतंग अमेरिकेत पोहोचले व त्यांच्यापासून तेथील जात उपजली. म्हणजे नाते आहे, पण वाट उलटी आहे.

आता या कुळकथेचा शेताशी संबंध पाहा. हिरवी अळी बहुभक्षी. कापूस संपला की तूर, तूर संपली की हरभरा. गुलाबी अळी एकनिष्ठ. तिचे घर बहुतांशी कपाशीच. फुलात शिरून ती डोमकळी करते, बोंडात शिरून सरकीवर जगते आणि बाहेरून बोंड निरोगी दिसत असता आत कवडी करून ठेवते.

1987 साली आंध्रच्या कापूसपट्ट्यात हिरव्या अळीने कीटकनाशकांस दाद दिली नाही, तेव्हा हाहाकार उडाला. तीच मुख्य शत्रू मानून 2002 मध्ये बीटी कापसास परवानगी मिळाली. या कापसात एका जिवाणूचे विष झाडच तयार करते. अळीच्या आतड्यातील एका प्रथिनास ते चिकटते. लाखांत एखादी अळी अशी निघते की तिच्यात ते प्रथिनच बदललेले असते. विष चिकटत नाही, ती जगते. तिच्यासारखीशीच तिचे मीलन झाले की नवा वंश बळावतो. तसे होऊ नये यासाठी विषरहित झाडांवर साध्या पतंगांची पैदास व्हावी लागते. हिरव्या अळीस हे आश्रयस्थान फुकट मिळाले: लातूरची तूर, हरभरा, सारा मराठवाडाच. गुलाबी अळीस कपाशीखेरीज आसरा नाही आणि कपाशी तर सगळी बीटी. भोवती साध्या कपाशीच्या 5 ओळी किंवा 20 टक्के क्षेत्र राखावे असा नियम होता. दोन-तीन एकरांच्या धन्याने तो बहुधा पाळला नाही. त्यास एकट्यास दोष देणे मला अन्याय्य वाटते. पीक अळीस चारावे म्हणून पेरा, हे त्यास कोणी नीट समजावून दिले होते? त्यात दीर्घ मुदतीचे संकरित वाण आणि फरदड घेण्याची सवय, यांमुळे हंगामाअखेरही अळीस बोंडे मिळत राहिली.

परिणाम अटळ होता. 2010 मध्ये गुजरातेत पहिल्या जनुकास न जुमानणारी गुलाबी अळी सापडल्याचे जाहीर झाले. 2006 पासून बाजारात असलेले दुहेरी जनुकही पुढील काही वर्षांत तिच्यापुढे निष्प्रभ ठरले, आणि 2017 च्या हंगामात विदर्भ-मराठवाड्यातील पऱ्हाट्यांत बोंडे फोडून पाहणाऱ्यांच्या हाती कवडी आली. त्याच शिवारात तेच विष हिरव्या अळीपुढे असे हतबल झाले नाही. अमेरिकेने मात्र शेकडो कोटी वांझ पतंग सोडून, बीटी कापूस आणि गंधाचे उपाय यांची जोड देऊन 2018 मध्ये आपल्या कापूसपट्ट्यातून गुलाबी अळी हद्दपार झाल्याचे घोषित केले.

आता कामगंध सापळे शेतोशेती दिसू लागले आहेत. एका सापळ्यात रोज 8 पतंग असे सलग 3 दिवस आले तर उपाय करावा, असा दंडक आहे. सापळ्यातील गंधगोळी विकत घेताना दुकानदार आधी विचारतो, गुलाबीची की हिरवीची? गुलाबीच्या गोळीकडे हिरवीचा नर फिरकत नाही.