मेमरीचा बाजारभाव

श्रोतेहो, कांद्याचा भाव कसा चढतो नि कसा पडतो, हे तुम्हांला सांगायला नको. पण शाळेतल्या संगणकात जी मेमरीची पट्टी असते, तिचा भावही असाच वरखाली होत आला आहे. त्याचीच ही हकिकत.

संगणक हातातलं काम ज्या चिपांवर तात्पुरतं टिपून ठेवतो, ती ही मेमरी. १९७० साली अमेरिकेतल्या इंटेल कंपनीने अशी एक चिप बाजारात आणली. तिच्यात इंग्रजी अक्षरं मावत अवघी १२८. पुढे एकेका चिपेत लाखो, मग कोट्यवधी अक्षरं मावू लागली आणि अक्षरामागचा खर्च उतरत गेला. मात्र या उतारावर मधूनमधून मोठे चढ आले.

जपानात शिकोकू बेटावर निईहामा नावाचं शहर आहे. तिथे ४ जुलै १९९३ रोजी सुमितोमो केमिकलच्या कारखान्यात स्फोट झाला. चिपेवर कवच चढवायला एक विशेष राळ लागते. जगाला लागणाऱ्या त्या राळेपैकी निम्म्याहून अधिक या एका कारखान्यात होई. खरं म्हणजे चिप करणाऱ्यांजवळ साठा शिल्लक होता. पण बातमी पसरली, खरेदीची घाई उडाली आणि काही आठवड्यांत भाव जवळजवळ दुप्पट झाला. टंचाई येण्याआधीच तिच्या भीतीची किंमत लोकांनी मोजली.

चढा भाव पाहिला की नवे कारखाने निघतात. ते उभे राहायला वर्षं लागतात, आणि मग सर्वांचा माल एकदम बाजारात येतो. १९९६ साली असाच भाव कोसळला. अशाच एका मंदीत, १९८५ साली, खुद्द इंटेलने हा धंदा सोडला होता.

पुढे काही कंपन्यांनी आपसांत संगनमत करून भाव बांधले. अमेरिकेत खटले झाले. २००५ साली एकट्या सॅमसंगला ३० कोटी डॉलर दंड भरावा लागला.

२०२५ साली कृत्रिम बुद्धिमत्तेच्या अजस्र संगणकांची मागणी वाढली आणि भाव पुन्हा भडकले. तेव्हा गुरुजी, शाळेसाठी खरेदी करताना चढा भाव ऐकलात, तर आधी विचारा: माल खरोखर कमी पडला आहे, नुसती बातमी आली आहे, की कुणी भाव बांधला आहे?