गांधर्व महाविद्यालयातील उपदेशक वर्ग

पं. विष्णु दिगंबर पलुसकर यांनी ५ मे १९०१ रोजी लाहोर येथे गांधर्व महाविद्यालय स्थापन केले, ते कोणा संस्थानिकाच्या पदरी राहून नव्हे. देणग्या, फी आणि जलशांचे उत्पन्न यांवर ते चाले. ठराविक वेळी येऊन शिकून जाणारे विद्यार्थी तेथे होतेच. परंतु संस्थेचे मर्म उपदेशक वर्गात होते. या वर्गातील मुले विद्यालयातच राहत. भोजन, निवास व शिक्षण विनामूल्य. मोबदला म्हणून करारान्वये दीर्घकाळ राहण्याचे बंधन. गुरुगृही सेवा करावी आणि गुरूची मर्जी होईल तेव्हा तालीम मिळवावी, ही जुनी रीत. तिच्या जागी येथे वेळापत्रक, क्रमिक पुस्तके व स्वरलिपी आली. सेवा मात्र सुटली नाही. ती गुरूऐवजी संस्थेची झाली, इतकेच. या बंधनाला जाच म्हणणे सोपे आहे. पण गावोगावी संगीतशिक्षक पुरवण्याचा दुसरा मार्ग त्या काळी दिसत नाही.

१९०८ मध्ये विद्यालय मुंबईस आले. तेथे कर्ज काढून बांधलेली इमारत पुढे लिलावात गेली. पलुसकर १९३१ मध्ये निवर्तले. त्यांच्याजवळ राहून शिकलेल्या विनायकराव पटवर्धनांनी दुसऱ्याच वर्षी पुण्यात गांधर्व महाविद्यालय काढले.