दातांची प्लेट : थोडा इतिहास, थोडी निगा

वेडेवाकडे दात सरळ करून घेणे हे आजकालचे, पैसेवाल्यांचे चोचले आहेत, असे आपल्याकडे बरेच जण मानतात. माझ्या भाचीला डॉक्टरांनी काढता-घालता येणारी प्लेट दिली, तेव्हा घरातल्या वडीलधाऱ्यांचा सूरही तसाच होता. ‘आमच्या वेळी नव्हती ही थेरं,’ असे नानी म्हणाल्या. प्लेटसोबत डॉक्टरांनी सूचनांचा एक कागदही दिला होता. गरम पाणी नको, डबीतच ठेवा, रोज घासा, सांगितले तितके तास घाला. हे नियम आले कुठून, या कुतूहलाने मी वाचू लागलो आणि बराच मागे जाऊन पोहोचलो.

पहिल्या शतकातला रोमन लेखक सेल्सस याने आपल्या वैद्यकग्रंथात मुलांच्या दातांबद्दल एक उपाय नोंदवला आहे. दुधाचा दात पडण्याआधीच नवा दात उगवला, तर दुधाचा काढून टाकावा आणि नवा दात रोज बोटाने त्याच्या जागेकडे ढकलत राहावे. हा उपाय वैद्याच्या एका भेटीत होणारा नव्हे. रोज बोट लावायचे ते घरच्यांनीच. म्हणजे दात जागेवर आणण्याची ही जुनी रीतदेखील घरच्या रोजच्या कामावर उभी होती.

त्यानंतर सुमारे हजार वर्षांनी कुर्तुब्याजवळ, म्हणजे आजच्या स्पेनमधल्या कोर्दोबाजवळ, अबुल कासिम अल-जहरावी होऊन गेले. त्यांच्या ‘अत-तसरीफ’ या तीस भागांच्या ग्रंथाचा शेवटचा भाग शस्त्रक्रियेवर आहे. दातांवर साचणारा थर हिरड्या बिघडवतो, हे त्यांनी लिहिले. तो खरवडण्याच्या वेगवेगळ्या हत्यारांची चित्रे दिली. एका बैठकीत दात स्वच्छ झाले नाहीत, तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पुन्हा खरवडावेत, असे सांगितले. हलणारे दात तारेने बांधायचे तर चांदीपेक्षा सोने बरे, कारण तोंडात चांदी खराब होते आणि सोने तसेच राहते, हेही त्यांनी नोंदवले. बाराव्या शतकात तोलेदो शहरात या भागाचा लॅटिन अनुवाद झाला आणि युरोपातले वैद्य पुढे कित्येक शतके तो वाचत राहिले. तोंडात कोणती वस्तू टिकते आणि तिच्यावर काय साचते, या दोन प्रश्नांभोवतीच प्लेटची आजची निगाही फिरते.

प्लेट ज्या पदार्थाची बनते, त्याचा इतिहास मात्र अलीकडचा आहे. १७२८ साली फ्रान्सच्या पिएर फोशार यांनी दात ओळीत आणण्यासाठी धातूची पट्टी वापरल्याचे लिहिले. ती दातांना दोऱ्याने बांधावी लागे. एकोणिसाव्या शतकात गंधक मिसळून कडक केलेले रबर आले आणि टाळूला नेमका बसणारा साचा बनवणे सोपे झाले. लंडनच्या कॉफिन घराण्यातील दंतवैद्यांनी अशा रबरी प्लेटमध्ये पियानोच्या तारेची स्प्रिंग बसवली. १९३०च्या दशकाच्या अखेरीस अ‍ॅक्रिलिक आले आणि काळपट-तांबूस रबर मागे पडले.

हे अ‍ॅक्रिलिक म्हणजे एक प्रकारचे प्लास्टिक. कढत पाण्याने त्याचा आकार बिघडू शकतो. केसभर फरक पडला, तरी प्लेट दातांवर नीट बसत नाही. म्हणून ती साध्या पाण्यानेच धुवावी. ‘उकळली की जंतू मरतील’ हा बाटल्यांचा नियम इथे चालत नाही. खरखरीत टूथपेस्टने प्लेटवर ओरखडे पडतात आणि त्यात घाण बसते. त्यापेक्षा मऊ ब्रश आणि थोडा सौम्य साबण पुरतो. ब्रश प्लेटसाठी वेगळा ठेवावा. धुताना खाली पाण्याने भरलेले भांडे ठेवावे, म्हणजे हातून निसटली तरी फरशीवर आपटत नाही. रमजानमध्ये सहेरीनंतर दात घासतानाच प्लेटही धुऊन घेण्याची सवय भाचीला आम्ही लावली.

दाढांना पकडणाऱ्या तारेच्या आकड्यांपैकी एक प्रकार आज फार वापरात आहे. तो अ‍ॅडम्स या दंतवैद्यांच्या नावाने ओळखला जातो आणि विसाव्या शतकाच्या मध्यास रूढ झाला. प्लेट काढताना दोन्ही बाजूंच्या आकड्यांना बोटे लावून ती सरळ खाली किंवा वर ओढायची. एकाच बाजूने ओढली किंवा जिभेने खेळवत बसले, की तार वाकते. वाकलेली तार घरी पकडीने सरळ करू नये. तुटलेली प्लेट फेव्हिक्विकने चिकटवू नये. तुकडे डबीत घालून डॉक्टरांकडे न्यावेत. आणि काढलेली प्लेट कागदी रुमालात कधीही गुंडाळू नये. ताटाशेजारचा तो रुमाल ताटासोबत कचऱ्यात जातो.

आता सर्वांत महत्त्वाचे, ती घालण्याचे. डेन्मार्कचे दंतवैद्य विगो आन्द्रेसेन यांची गोष्ट दंतवैद्यकाच्या इतिहासात नेहमी सांगितली जाते. मुलगी उन्हाळ्याच्या सुट्टीवर निघाली, तेव्हा त्यांनी तिच्या दातांवरच्या पक्क्या तारा काढल्या आणि रात्री घालायची एक सैल प्लेट दिली. सुट्टीनंतर पाहतात तो तिच्या जबड्याची ठेवण सुधारलेली होती. यातूनच पुढे त्यांची प्रसिद्ध उपचारपद्धती आकाराला आली. सुट्टीत बाप शेजारी नव्हता. प्लेट घातली ती मुलीने. १९४८ साली ब्रिटनमध्ये राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाल्यावर तिथल्या सामान्य घरांतल्या मुलांनीही अशा प्लेटा कित्येक दशके वापरल्या. त्या श्रीमंतीची खूण कधीच नव्हत्या.

आपल्या घरांत प्लेटचा खर्च जाणवतो, हे खरे आहे. म्हणूनच ती तुटली की आधी मुलावर ओरडणे होते. मग मूल तुटलेली प्लेट दप्तरात लपवते, महिनाभर सांगत नाही आणि तेवढ्यात सरकलेले दात मागे फिरतात. मुलगी असेल तर ‘उद्या लग्न कसं जमायचं’ हे वाक्यही कानावर पडते. दहा वर्षांच्या पोरीच्या तोंडातल्या प्लेटवर एवढे ओझे ठेवू नये. तिला सांगायचे ते इतकेच, की नीट चावता यावे, दात नीट घासता यावेत आणि मोकळेपणी हसता यावे यासाठी हे आहे. सुरुवातीला बोलताना जीभ अडखळेल, लाळ जास्त सुटेल. हे सहसा काही दिवसांत थांबते. हिरडी दुखत असेल किंवा प्लेट बसत नसेल, तर दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांना फोन करावा.

पक्क्या तारा डॉक्टर बसवतात आणि त्या दिवसरात्र आपले काम करतात. काढता येणारी प्लेट डबीत असेल तर काहीच करत नाही. तिची किंमत आपण पैशांत मोजतो, पण ती चालते मुलाने रोज न विसरता केलेल्या कामावर. ते काम आईनेच करून घ्यायचे असेही नाही. रात्री झोपण्याआधी ‘घातलीस का?’ एवढे शांतपणे विचारणे अब्बांनाही जमते.