वेल्समधील काष्ठचौकटीची घरे
वेल्सच्या पूर्वेकडील, विशेषतः इंग्लंडच्या सीमेलगतच्या प्रदेशांत मध्ययुगाच्या अखेरीपासून सतराव्या शतकापर्यंत बांधली गेलेली ओक लाकडाच्या सांगाड्याची घरे. पश्चिम व वायव्य वेल्समध्ये दगडी बांधकामाचे प्राबल्य आहे; तथापि डेन्बीशर, माँटगमरीशर व रॅडनरशर या परगण्यांत उत्तम ओक विपुल असल्याने सुताराचे काम तेथे गवंड्याच्या कामापेक्षा श्रेष्ठ ठरले.

या घरांत भार भिंतीवर नसून चौकटीवर असतो. आपल्याकडील जुन्या वाड्यांतही तत्त्व हेच आढळते. ओक ओला असतानाच तासत, कारण वाळल्यावर तो हत्याराला दाद देत नाही. सुटे भाग आधी जमिनीवर जुळवून त्यांवर खुणा कोरीत व मग जागेवर उभे करीत. एका लाकडाच्या खाचेत दुसऱ्याचे कूस बसवून त्यांतून लाकडी खुंट्या ठोकत. खिळ्यांची गरज क्वचितच पडे. चौकटीतील मोकळ्या जागांत काठ्यांची विणकर बसवून तिच्यावर माती, शेण व गवत यांचा गिलावा चढवीत. ही भरणी कोकणातील कुडाच्या भिंतीची सख्खी बहीण म्हणावी लागेल. ग्रामीण घरांत पुष्कळदा जमिनीपासून आढ्यापर्यंत जाणाऱ्या वक्र लाकडांच्या जोड्यांवर छप्पर पेललेले असे. मध्यभागी छपरापर्यंत उघडा दिवाणखाना आणि जमिनीवरच चूल. धुराने काळवंडलेली आढ्याची लाकडे याची साक्ष अजून देतात. सोळाव्या शतकापासून धुराडी व माळे घातले जाऊन हा दिवाणखाना विभागला गेला. क्लुइड खोऱ्यातील १५०८ चे असे एक शेतघर कार्डिफजवळील सेंट फॅगन्स येथील लोकजीवन संग्रहालयात पुन्हा उभारले आहे. त्यात माणसे व गुरे एकाच छपराखाली राहत.

नगरांत जागा अरुंद, म्हणून घरे रस्त्याला तोंड करून खांद्याला खांदा लावून उभी राहिली व वरचा मजला पुढे काढण्याची पद्धत रूढ झाली. रूथिन हे याचे उत्तम उदाहरण होय. ओवाइन ग्लिन्दूर याने १४०० च्या सप्टेंबरात हे नगर जाळले, तेव्हा येथील बहुतेक रस्ते नव्याने बांधावे लागले. कासल स्ट्रीटवरील ‘नान्टक्लुइड अ द्रे’ या घराची लाकडे वृक्षवलयांवरून १४३५–३६ ची ठरली असून वेल्समधील कालनिश्चिती झालेले ते सर्वांत जुने काष्ठचौकटीचे नगरगृह मानले जाते. ते ग्रोनू अप मादोक या व्यापाऱ्याने व त्याची पत्नी सुझाना यांनी बांधले, असे मानतात. बंडाच्या काळात, १४०१ व १४०२ च्या कायद्यांनी वेल्श लोकांना इंग्रज नगरांत जमीन घेण्यास मनाई केली होती. तरीही तीस-पस्तीस वर्षांतच एका वेल्श नावाच्या माणसाचे घर नगराच्या प्रमुख रस्त्यावर उभे राहिले. कायदा व व्यवहार यांत अंतर किती पडले होते, हे त्यावरून दिसते. काष्ठचौकट ही सीमेपलीकडून आलेली परकी पद्धत आहे, हे मतही म्हणूनच सरसकट स्वीकारता येत नाही.

पुढील शतकांत या घरात खांबांवर पुढे आलेला प्रवेशमंडप, नवी दालने व जिने यांची भर पडत गेली. काळ्या लाकडांमध्ये पांढऱ्या भिंती ही आज सर्वपरिचित असलेली छबी मात्र बव्हंशी एकोणिसाव्या शतकातील हौसेची आहे. पूर्वी ओक बहुधा न रंगवता ठेवीत किंवा सर्व दर्शनी भाग चुन्याने झाकीत. त्यामुळे गिलाव्याआड दडलेली कित्येक जुनी घरे ओळखलीच गेली नाहीत व नूतनीकरणात नाहीशी झाली. लॅनिड्लुइस येथील सतराव्या शतकाच्या प्रारंभीचे, खांबांवर उभे असलेले मंडईघर मात्र टिकले. वेल्समध्ये या प्रकारचे ते एकमेव होय.

योर्वर्थ पीट यांच्या १९४० मधील वेल्श घरावरील ग्रंथाने व पीटर स्मिथ यांच्या १९७५ मधील ग्रामीण घरांच्या पाहणीने या वास्तूंच्या अभ्यासास पद्धतशीर वळण लागले. वृक्षवलयमापनाने पुढे त्यांची अनेक अनुमाने पारखली. नान्टक्लुइड हे घर स्थानिक परिषदेने १९८४ मध्ये विकत घेतले व दुरुस्तीनंतर २००७ मध्ये ते लोकांना खुले झाले. त्याच्या माळ्यावर लहान नालनासिका वटवाघळांची वसाहत आहे.