शर्यतीची गाडी आणि तिला नेणारी गाडी

सातारा-सांगलीकडच्या बैलगाडी शर्यतींवर लिहिणारे लोक कोर्टाच्या तारखा लिहितात, बैलांची नावं लिहितात, बक्षिसाच्या रकमा लिहितात. बैल मैदानावर आला कशातून, हे कुणी लिहीत नाही. माझा धंदा कागदाचा, म्हणून माझी नजर आधी नंबरप्लेटवर जाते. कराडला आरटीओच्या कामांचं टेबल आहे माझं. आमचा एमएच ५०, वर साताऱ्याचा एमएच ११, खाली सांगलीचा एमएच १०. या तीन नंबरांच्या पिकअपांचं पासिंग, फिटनेस, विमा, बँकेचा बोजा चढवणं-उतरवणं यात माझी उमेदीची वर्षं गेली. आणि माझं मत पक्कं आहे: शर्यत बंद पडली ती कोर्टामुळे, सुरू झाली तीही कोर्टामुळे, पण बदलली ती पिकअपमुळे.

आधी बैल चालत जायचा. खिल्लार ही जात मुळातच चालणारी. आटपाडी महालाचा खिल्लार आणि म्हसवडचा खिल्लार, हे तिचे नावाजलेले प्रकार. आटपाडी तेव्हा औंध संस्थानात होती आणि औंधकरांनी या पैदाशीला हात दिला. त्यामुळे जातिवंत खोंड घ्यायचा तर खरसुंडीच्या सिद्धनाथाची जत्रा, म्हसवड किंवा पुसेगावच्या सेवागिरी महाराजांची यात्रा गाठायची, ही रीत पडली. शर्यतीही त्याच यात्रांच्या अंगाने वाढल्या. लांबच्या मैदानाला बैल आदल्या किंवा त्याच्याही आदल्या दिवशी निघायचा. वाटेत पाहुण्यांच्या गोठ्यात मुक्काम, सकाळी पुन्हा वाट. जो बैल दोन दिवस चालून आला त्याच्याकडून कितीसा पळ निघणार? म्हणून मैदान पंचक्रोशीचंच राहायचं. पळणारे बैल ओळखीचे, हाकणारे ओळखीचे, भांडणंही ओळखीची.

मग ट्रक आला. टाटांनी १९५४ साली जर्मनीच्या डाइमलर-बेंझबरोबर मिळून जमशेदपूरला ट्रक बांधायला घेतले आणि पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत ते कृष्णाकाठच्या ऊसपट्ट्यात गावोगाव दिसायला लागले. गळीत हंगाम संपला की यातले बरेच ट्रक रिकामे आणि गावोगावच्या जत्रा नेमक्या चैत्र-वैशाखात. हा मेळ कुणी मुद्दाम बसवला नाही, पंचांगानंच बसवला. आमचे दादा अशाच एका ट्रकवर ड्रायव्हर होते. कारखान्याचा ऊस संपला की त्यांच्या हौद्यात बैल चढायचे.

चढवणं हे काम बघण्यासारखं. ट्रकचा हौदा जमिनीपासून चार फूट उंच. बैल काही उडी मारून जात नाही. मग ट्रक मागे घेत घेत एखाद्या बांधाला किंवा तालीला टेकवायचा, फाळका पाडायचा आणि बांध ते हौदा अशी फाळक्याचीच पायवाट करायची. हौद्यात उसाचं पाचट पसरायचं, त्यावर दोन पाट्या माती, कारण मूत सांडलं की पत्र्यावर खूर टिकत नाही आणि घसरून मांडी फाटलेला बैल परत चाकोरीत उतरत नाही. बैल फाळक्याशी येऊन थांबतो. वाकून पत्र्याचा वास घेतो. एक खूर ठेवतो, पोकळ आवाज झाला की मागे घेतो. इथे ओरडायचं नाही. मालकानं पुढे हौद्यात उभं राहायचं, कासरा सैल धरायचा, नावानं बोलवायचं. दुसऱ्यांदा खूर ठेवला की मागच्यानं पुठ्ठ्यावर नुसता तळवा टेकवायचा. दादा म्हणायचे, काठी लागली तर बैल आज चढेल, उद्या ट्रक बघूनच फिरेल.

तोंड इंजिनाकडे. हेही दादांचंच. ब्रेक लागला तर बैल छाती पुढे देऊन सावरतो. आडवा बांधला तर पडतो. पुढे मी जनावर वाहतुकीचे नियम वाचले. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा १९६० चा आणि त्याखालचे वाहतुकीचे नियम १९७८ चे. त्यात हेच लिहिलेलं: गुरांची तोंडं शक्यतो इंजिनाकडे असावीत, तळाला न घसरणारं काथ्याचं किंवा लाकडी अंथरूण असावं, कडा कमी असतील तर वाढवाव्यात, एका मालवाहू गाडीत सहापेक्षा जास्त गुरं नसावीत, सोबत एक माणूस असावा, दुसरा माल भरू नये. दादांनी हा कागद कधी पाहिला नव्हता. सहाचा आकडा मात्र त्यांना पटला नसता. शर्यतीचे बैल ते ट्रकमध्ये चारच घ्यायचे.

शर्यतीचं जनावर गाडीतून न्यायच्या युक्तीचा मान सहसा एका इंग्रजाला दिला जातो. सतीबंदीचा कायदा करणारा गव्हर्नर जनरल लॉर्ड विल्यम बेंटिंक आपण शाळेत शिकलो. त्याचा पुतण्या लॉर्ड जॉर्ज बेंटिंक घोड्यांच्या शर्यतीचा नादिष्ट. १८३६ साली इलिस नावाचा त्याचा घोडा दूर दक्षिणेत होता आणि शर्यत होती उत्तरेत, डॉनकास्टरला. घोडे तेव्हा चालतच जायचे, आणि एवढ्या दिवसांत हा पोचत नाही अशी लोकांची खात्री. पठ्ठ्यानं चाकांची बंद पेटी बनवून घेतली, त्यात इलिसला उभं केलं आणि ती पेटी दुसऱ्या घोड्यांकडून ओढवत ताजातवाना घोडा मैदानात आणला. इलिसनं सेंट लेजर मारली. पळणाऱ्यानं चालायचं नाही, एवढीच ती अक्कल.

ट्रकचं भाडं मात्र एकट्या मालकाला परवडायचं नाही. चार बैलांचे चार मालक जमले तर ट्रक निघायचा, आणि एकाचा बैल सकाळी गटातच बाद झाला तरी त्यानं बाकी तिघांसाठी संध्याकाळपर्यंत थांबायचं. मॅटाडोर आली, १९८६ ला टाटाची ४०७ आली, तसं हे थोडं सुटं झालं. २००५ ला छोटा हत्ती आला आणि त्याच दशकात महिंद्राची पिकअप गावागावांत घुसली. तिथून खरी गंमत.

गाडी कुठली घ्यावी, हे विचारायला मालक माझ्याकडे येतात. मी आधी बैल विचारतो, मग पैसे. छोट्या हत्तीचा हौदा साधारण सात फूट बाय पावणेपाच-पाच. वजन वाहायची ताकद पाऊण टन. एक खिल्लार बैल चार-पाचशे किलोचा. म्हणजे एक बैल, एक माणूस, पेंडीचं पोतं, संपलं. दोन घातले तर वजनातही बसत नाहीत आणि जागेतही. पिकअपचा हौदा नऊ फूट बाय साडेपाच, म्हणजे साडेचार चौरस मीटरच्या वर. दोन बैल नीट उभे राहतात. तिसरा राहत नाही, कुणी कितीही सांगितलं तरी. शिवाय एकूण भरलेलं वजन तीन हजार किलोच्या आत असेल तर मोटार वाहन कायद्यात मालवाहतुकीचं परमिट लागत नाही. पिकअपच्या काही मॉडेलांचं वजन या रेषेच्या जेमतेम आत बसवलेलं असतं, तो योगायोग नव्हे. वरच्या मॉडेलला परमिट आलं, म्हणजे आणखी एक कागद, आणखी एक तारीख.

बाकी कागद सगळ्यांना सारखे. प्लेट पिवळी, अक्षरं काळी. नव्या गाडीला दोन वर्षांचं फिटनेस, आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी, पुढे दरसाल. ड्रायव्हरच्या लायसन्सचा जुना घोळ सुप्रीम कोर्टानं २०१७ ला सोडवला आणि नोव्हेंबर २०२४ ला पाच न्यायाधीशांनी पुन्हा पक्का केला: साडेसात हजार किलोपर्यंतच्या गाडीला साधं हलक्या वाहनाचं लायसन्स चालतं, वेगळ्या बॅजची गरज नाही. बैलवाल्यांना याचा मोठा दिलासा, कारण पिकअप बहुतेक वेळा मालकाचा भाऊ नाहीतर पुतण्याच चालवतो.

अडचण पुढे आहे. आरसीवर ती गाडी मालवाहू म्हणून चढते. बैलाचा उल्लेख कुठेच नाही. २०१५ साली केंद्रीय मोटार वाहन नियमांत १२५-ई हा नवा नियम आला, २०१६ च्या सुरुवातीपासून लागू. जनावरं नेणाऱ्या गाडीत कायमचे कप्पे हवेत, एका कप्प्यात एक जनावर. गाय-म्हशीला किमान दोन चौरस मीटर, घोड्याला सव्वादोन. अशी गाडी आरटीओनं तपासून तिला खास परवाना द्यायचा आणि मग त्या गाडीतून दुसरा माल न्यायचा नाही. जागेचा हिशेब पिकअपला जमतो, दोन बैल बसतातच. पण आमचा माणूस पिकअप घेतो ती सहा दिवस टोमॅटो, द्राक्ष, कडबा वाहायला आणि सातव्या दिवशी बैल न्यायला. नुसत्या बैलावर बँकेचा हप्ता फिटत नाही. म्हणून कायमचे कप्पे बसवायला कुणी राजी नसतो. मग काढता-घालता येणारा पाइपचा सांगाडा, मध्ये आडवा दांडा, कडेला रबर किंवा जुन्या गाद्या. सांगाडा उंचीला फार वाढवला की कलम ५२ आडवं येतं: कंपनीनं दिलेल्या गाडीत परस्पर फेरफार करायचा नाही.

आणि छकडा, म्हणजे शर्यतीची हलकी गाडी? टपावर उताणा बांधलेला छकडा मैदानाच्या वाटेवर सगळ्यांनी पाहिलाय. जनावरांसोबत दुसरा माल नको म्हणतो नियम. छकडा माल, की बैलाचं सामान? मी एका अधिकाऱ्याला हे विचारलं तर तो हसला आणि म्हणाला, घट्ट बांधा म्हणजे झालं. उत्तर कायद्याचं नव्हतं, पण शहाणपणाचं होतं.

रस्त्यावर खरी अडवणूक वाढली ती २०१५ नंतर. त्या मार्चमध्ये राज्यात गोवंश हत्याबंदी बैलांनाही लागू झाली, आणि रात्री हायवेवर बैल भरलेली पिकअप दिसली की थांबवायची, हा शिरस्ता झाला. बैल घेऊन निघालेल्या माणसाला आपण कसाई नाही हे पटवून द्यायची वेळ आली. तेव्हापासून मी प्रत्येकाला एक प्लास्टिकची पिशवी करून देतो: आरसी, विमा, फिटनेस, पीयूसी, पशुवैद्यकाचा दाखला, कानातल्या बारा आकडी बिल्ल्याचा नंबर, बैलाचा मालकासोबतचा फोटो आणि शर्यती पुन्हा सुरू झाल्यापासून मैदानाच्या परवानगीची प्रत.

ही परवानगी बरीच वर्षं मिळतच नव्हती. जुलै २०११ ला केंद्रानं बैलाला खेळ-प्रदर्शनास मनाई असलेल्या प्राण्यांच्या यादीत घातलं, ७ मे २०१४ ला सुप्रीम कोर्टानं शर्यती बंद केल्या, २०१७ ला राज्यानं कायदा केला तर हायकोर्टानं स्थगिती दिली. त्या काळात बैल विकले गेले आणि पिकअपा भाजीला लागल्या. ऑगस्ट २०२१ ला आटपाडी तालुक्यात झरे इथं आमदार गोपीचंद पडळकरांनी बंदी मोडून शर्यत घेतली, तेव्हा पोलिसांनी काय अडवलं? वाटा अडवल्या. गाड्याच पोचल्या नाहीत तर शर्यत होत नाही, हे प्रशासनाला बरोबर ठाऊक होतं. तरी पहाटेच्या अंधारात बैल पळाले. १६ डिसेंबर २०२१ ला सुप्रीम कोर्टानं अटींवर परवानगी दिली आणि १८ मे २०२३ ला घटनापीठानं राज्याचा कायदा कायम केला. जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी आणि हजार मीटरच्या आत धाव. मोडलं तर पाच लाखांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद.

शर्यत परत आली तेव्हा ती पूर्वीची राहिली नव्हती. आता जोडी एका पंचक्रोशीतलीही नसते. एकाचा बैल वाळव्यातून येतो, दुसऱ्याचा माणमधून, फोनवर पैरा, म्हणजे दोन मालकांची जोडी, ठरतो आणि दोन पिकअपांतून आलेले बैल मैदानातच पहिल्यांदा एका जुवाखाली उभे राहतात. आज पुसेगाव, परवा विट्याकडे, त्यानंतर पुणे जिल्हा. एप्रिल २०२३ ला खानापूर तालुक्यात भाळवणीला डबल महाराष्ट्र केसरी चंद्रहार पाटलांनी मैदान घेतलं, पहिलं बक्षीस थार गाडी. ती मारली बकासुर आणि महिब्या या जोडीनं. बकासुर मुळशीचा. चालत जायच्या जमान्यात मुळशीचा बैल भाळवणीच्या मैदानात कुणाच्या स्वप्नातही आला नसता.

थारवरून आठवलं. बक्षिसाची गाडी पैऱ्यातल्या दोघांत मिळून असते, पण कर्ज असो नसो, आरसीवर नाव एकाचंच चढवायचा रिवाज. दुचाकी असली तर एक तू घे, पुढची मी घेतो म्हणून भागतं; मोठ्या गाडीला ते चालत नाही. मी दोघांनाही सांगतो, वाटणीचा कागद आधी करा, पासिंग मग. आणि थारमध्ये बैल बसत नाही, ती खासगी पांढऱ्या प्लेटची. बैलासाठी तुम्हाला पिकअप लागणारच.

तेव्हा या हंगामात गाडी घेणार असाल तर एवढं करा. शोरूममध्ये रंग बघण्याआधी टेप काढून हौदा मोजा. दोन बैलांची गाडी दोन बैलांसाठीच ठेवा. सांगाडा करण्याआधी आरटीओत विचारा, नंतर नव्हे. विमा घेताना जनावर नेणार असल्याचं स्वतःहून लिहून द्या, कारण नुसत्या मालवाहू पॉलिसीवर हौद्यातल्या बैलाची भरपाई गृहीत धरता येत नाही. बैलाचा विमा वेगळा उतरवावा लागतो. आणि फिटनेसची तारीख मैदानाच्या तारखेआधी बघा.