चासी कारखान्याची, हौदा गावाचा

१/ टेंभुर्णी म्हटले की बहुतेकांना सोलापूर जिल्ह्यातील महामार्गावरचे गाव आठवते. जालना जिल्ह्याच्या जाफ्राबाद तालुक्यातही एक टेंभुर्णी आहे. या तालुक्यात रेल्वे नाही. कापूस, सिमेंट, दुष्काळातले पाणी, सारे काही रस्त्यानेच येते-जाते. अशा गावांच्या इतिहासात गाडीच्या इंजिनाइतकेच महत्त्व तिच्या हौद्याला आहे. हा धागा त्या हौद्याविषयी, आणि तो बदलण्याच्या हक्काविषयी.

२/ हौदा बदलण्याची रीत मोटारीपेक्षा जुनी आहे. बैलगाडीची चाके, आस आणि धुरा कायम राहत. वरची रचना मात्र कामानुसार बदले. शेणखत वाहायचे तर साटीवर बांबूच्या तट्ट्या लागत, कडबा भरायचा तर त्या काढून ठेवत. हे काम गावचा सुतार आणि लोहार करीत. गाडी एक, मागचे अंग हंगामागणिक वेगळे.

३/ मोटारयुगाच्या आरंभी अमेरिकेतही असेच चाले. शेतकरी मोटार घेई आणि मागे स्वतःच लाकडी पेटी बसवी. १९२५ मध्ये फोर्डने 'मॉडेल टी' ही गाडी कारखान्यातच हौदा बसवून विकण्यास काढली. किंमत २८१ डॉलर. पिकअप हा प्रकार तेव्हापासून कारखान्याचा झाला.

४/ पुढे तेथे हौदा हा शोभेचाही विषय ठरला. चाकांवरचे पंखे बाहेर दिसणारा अरुंद हौदा जुना वाटू लागला आणि सपाट, रुंद बाजूंचा हौदा नवा. १९५७ च्या 'डॉज स्वेप्टसाइड'ची कथा तर गंमतीची आहे. स्टेशन वॅगन मोटारीचे मागचे पंखे काढून ते पिकअपच्या हौद्याला जोडले गेले आणि कारखान्याने तीच गाडी नवे मॉडेल म्हणून विकली. जुन्या पिकअपवर दुसऱ्या घाटाचा हौदा चढवण्याचा छंद तेथे आजही जोपासला जातो.

५/ भारतात मात्र हौदा बदलण्यामागे गरज होती. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली. कुर्ल्यात डॉज, फार्गो जोडल्या जाऊ लागल्या. महिंद्रांनी मुंबईत विलिस जीपची जोडणी सुरू केली. १९५४ मध्ये टाटांनी डाइमलर-बेंझशी करार केला. या काळात ट्रक घेणे म्हणजे बहुधा चासी, इंजिन आणि समोरचा दर्शनी भाग घेणे. केबिन व हौदा मालकाने बाहेर बांधून घ्यायचा.

६/ येथे सुतार पुन्हा आला. लाकडी हौदा, लोखंडी पट्ट्या, मागे उघडणारा फाळका. हौदा चासीवर यू-बोल्टने आवळत आणि मध्ये लाकडी पट्टी ठेवत, म्हणजे लोखंड लोखंडावर घासत नसे. खडबडीत रस्त्यावर चासी पिळवटते. लाकूड ती पीळ सोसते. शिवाय मोडलेली फळी तालुक्याच्या गावी बदलता येई. लाकडाची निवड मागासलेपणातून आलेली नव्हती. रस्त्यांचा विचार करून ती केलेली होती.

७/ एसटीचा इतिहास हेच सांगतो. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर धावलेल्या पहिल्या बसची बॉडी लाकडी होती. पुढे ॲल्युमिनियम आले, अलीकडे पोलाद. दापोडी, हिंगणा आणि मराठवाड्यातील चिकलठाणा येथील महामंडळाच्या कार्यशाळांत ही बांधणी होत आली. २०२० च्या टाळेबंदीत तर जुन्या प्रवासी बसची आसने काढून त्यांच्या मालगाड्या केल्या गेल्या. चासी तीच राहिली, तिचा जन्म मात्र बदलला.

८/ जालना जिल्ह्याला या बदलाचा सर्वांत कठोर अर्थ दुष्काळाने शिकवला. २०१२-१३ मध्ये हा जिल्हा राज्यातील सर्वाधिक होरपळलेल्या भागांपैकी होता. अशा काळी मालगाडीवर टाकी चढते आणि गावची तहान तिच्या फेऱ्यांवर मोजली जाते.

९/ पण टाकी म्हणजे वजनाचे गणित. १,००० लिटर पाणी म्हणजे १ टन, शिवाय टाकीचा भार निराळा. एक टनाच्या पिकअपवर २,००० लिटरची टाकी बसवली की ब्रेक, पाटे आणि टायर यांची मर्यादा ओलांडली जाते. अर्धी भरलेली टाकी अधिक घातक, कारण वळणावर पाणी एका अंगाला धावते आणि गाडी त्याच दिशेला कलंडते. चासीची एकूण भारक्षमता ठरलेली असते; हौदा जड केला की तेवढा माल कमी भरावा लागतो.

१०/ म्हणूनच कायदा मध्ये आला. नोंदणीपुस्तकात इंजिन व चासी क्रमांकाबरोबर बॉडीचा प्रकार आणि रिकाम्या गाडीचे वजनही लिहिलेले असते. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ मध्ये २००० साली दुरुस्ती झाली: उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करण्यास मनाई. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळमधील एका प्रकरणात हाच अर्थ ठामपणे मांडला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अशा प्रत्येक बेकायदा बदलाला ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी तरतूद केली.

११/ या नियमांमागचे कारण खरे आहे: वाढवलेल्या फळ्या आणि बेताल टाक्या यांनी माणसे मेली आहेत. तरी एक प्रश्न उरतो. बैलगाडीपासून ट्रकपर्यंत, गाडीचे मागचे अंग कसे असावे हे माल आणि रस्ता ओळखणारा माणूस ठरवीत आला. आता ते मुख्यतः कारखाना ठरवतो. सुताराचे ज्ञान कोणत्याही मानकात लिहिले गेले नाही. ते त्याच्या हातातच राहिले आणि हाताबरोबर संपत चालले आहे.

१२/ आजही काही पिकअप हौद्याविना, केबिन-चासी स्वरूपात मिळतात. मान्य नमुन्याचा हौदा त्यांवर रीतसर बांधून, नोंदवून घेता येतो. ही वाट अरुंद आहे, पण उघडी आहे. पुढच्या वेळी रस्त्यावर एखादी जुनी मालगाडी दिसली तर तिच्या बोनेटवरचे नाव वाचून थांबू नका. मागे जाऊन फाळका, फळ्यांचे सांधे आणि यू-बोल्ट पाहा. गावाने लिहिलेला इतिहास तेथे आहे.

(धागा समाप्त)