चिंचेचा आंबटपणा आणि स्फटिकांचे डावे-उजवे

बेळगाव-निपाणीच्या मुलखात चिंचेवाचून आमटी होत नाही. चिंचेचा हा आंबटपणा मुख्यतः टार्टारिक अम्लाचा. द्राक्षांतही तेच अम्ल असते. रेणूला आकार असतो, ही गोष्ट रसायनशास्त्राला प्रथम समजली ती याच अम्लाच्या स्फटिकांवरून.

स्फटिक म्हणजे सूक्ष्म, सारख्या घटकांची शिस्तबद्ध मांडणी, हा विचार फ्रान्समधील धर्मगुरू आयूई यांनी १७८४ साली मांडला. स्फटिकाची बाह्य सममिती ही अंतर्रचनेची खूण ठरली. पुढे १८१५ साली बिओ या शास्त्रज्ञाला आढळले की, काही सेंद्रिय द्रव ध्रुवित प्रकाशाची पातळी फिरवितात. टार्टारिक अम्लाचा द्राव ती उजवीकडे फिरवी. परंतु त्याच घटकांचे, त्याच प्रमाणाचे रेसेमिक अम्ल मात्र ती मुळीच फिरवीत नसे. घटक तेच, मग वर्तन निराळे का?

१८४८ साली पंचविशीतल्या लुई पाश्चरने हे कोडे सोडविले. रेसेमिक अम्लाच्या सोडियम-अमोनियम लवणाचे स्फटिक त्याने निरखले. काहींचा एक छोटा पैलू उजवीकडे कललेला होता, काहींचा डावीकडे. जणू बिंब आणि आरशातील प्रतिबिंब. चिमट्याने एकेक निवडून त्याने दोन ढीग केले. एकाचा द्राव प्रकाश उजवीकडे फिरवी, दुसऱ्याचा डावीकडे. समभाग मिसळताच परिणाम शून्य. वृद्ध बिओने हा प्रयोग आपल्या देखत पुन्हा करविला, तेव्हाच त्याची खात्री पटली. हे स्फटिक असे वेगवेगळे पडतात ते सुमारे २७ अंश सेल्सिअसच्या खाली. बेळगावच्या वैशाखातील दुपारी हा प्रयोग फसलाच असता!

पाण्यात विरघळून स्फटिक नाहीसा झाला, तरी डावे-उजवेपण टिकले. अर्थात ते रेणूतच होते. १८७४ साली व्हान्ट हॉफ आणि ल बेल यांनी कार्बन अणूच्या चार बंधांच्या चौफेर रचनेवरून त्याचे कारण सांगितले. तरीही उजवा रेणू नेमका कोणता, हे ठरण्यास १९५१ साल उजाडले. हॉलंडमधील बायवूट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टार्टारिक अम्लाच्याच एका लवणावर क्ष-किरण टाकून ते ठरविले.

या शोधाचा धागा आपल्या शिवारापर्यंत येतो. साखरही ध्रुवित प्रकाश उजवीकडे फिरविते. बेळगाव जिल्ह्यातील कारखान्यांच्या प्रयोगशाळांत गाळपाच्या दिवसांत उसाचा रस निवळून नळीत भरतात आणि तो प्रकाश किती अंश फिरवितो त्यावरून साखरेचे प्रमाण काढतात. उसाचा दर साखर-उताऱ्याशी जोडलेला असल्याने हे अंश शेतकऱ्याच्या घरापर्यंत पोहोचतात. उलट निपाणीच्या तंबाखूतील निकोटीन तोच प्रकाश डावीकडे वळविते. सजीव सृष्टी बहुधा दोहोंपैकी एकच रूप घडविते. म्हणूनच औषधाचा रेणू डावा की उजवा, हा प्रश्न रोग्याच्या जिवाशी निगडित होऊन बसतो. पाश्चरच्या चिमट्याने वेगळे केले ते केवळ स्फटिक नव्हेत. रेणूलाही डावा आणि उजवा हात असतो, हे त्याने जगाला दाखविले.